उड्डाण सोडून द्यावे लागते तेव्हा : दोन इंजिनांच्या असमान रेट्याविषयी

खिडकीजवळचा
गेल्या महिन्यात मी ज्या विमानात होतो त्याने उड्डाणासाठी धाव सुरू केली आणि काही सेकंदांतच सोडून दिली. विमान दोन इंजिनांचे होते, माझी जागा डाव्या पंखाच्या जरा मागे होती आणि पाऊस नुकताच थांबला होता. धावपट्टीच्या मध्यरेषेवर विमान सरळ उभे राहिले, इंजिनांचा आवाज चढू लागला आणि पाठ खुर्चीला टेकते न टेकते तोच नाक डावीकडे वळू लागल्याचे स्पष्ट जाणवले. लगेच आवाज उतरला, विमान एकदा उजवीकडे सावरले आणि थांबले. ब्रेकचा म्हणावा असा धक्काही बसला नाही. थोड्या वेळाने कॅप्टननी सांगितले की दोन्ही इंजिनांचा रेटा सारखा वाढला नाही, म्हणून उड्डाण थांबवले. आम्ही परत जाग्यावर आलो आणि दोन तासांनी दुसऱ्या विमानाने निघालो.

शेजारचे गृहस्थ घरी फोन करून "इंजिन बंद पडले" असे सांगत होते. मला तसे काही दिसले किंवा ऐकू आले नव्हते. माझे प्रश्न असे आहेत : दोन्ही इंजिने एकाच बनावटीची असतात आणि रेटा वाढवणारे दोन्ही लिव्हर एकाच वेळी पुढे ढकलले जातात, तर रेटा वेगवेगळा का वाढावा? सायकलच्या दुप्पट वेगही नसताना नाक थोडे वळले तर त्यात एवढे गंभीर काय आहे? आणि पायाने रडर (शेपटीवरचे दिशा बदलणारे पान) दाबून विमान सरळ करून पुढे जाता आले नसते का?

तिरपा वारा
मी काही वर्षे याच प्रकारची विमाने उडवत आहे, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांना हात घालतो. तिसऱ्याचे उत्तर त्यातूनच निघेल.

तुमच्या शेजाऱ्यांचे म्हणणे बरोबर नाही. इंजिन बंद पडणे ही एक गोष्ट आणि दोन निरोगी इंजिनांनी वेगवेगळ्या चालीने वर चढणे ही दुसरी. जेट इंजिन मोटारीच्या इंजिनासारखे पायाखाली लगेच उसळत नाही. आयडलवर, म्हणजे किमान गतीवर, असताना आतला रोटर (फिरणारा भाग) मंद फिरत असतो, हवा दाबून आत ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरमधून जाणारी हवा थोडी असते आणि त्या हवेत एकदम जास्त इंधन ओतले तर कॉम्प्रेसरमधला प्रवाह उलटतो किंवा टर्बाइन भाजून निघते. म्हणून इंधन-नियंत्रक मुद्दाम हात आखडता घेतो. परिणाम असा होतो की चढणीचा पहिला भाग अतिशय रेंगाळत पार होतो आणि एकदा ठरावीक फेऱ्यांवर पोहोचले की उरलेला भाग इंजिन झपाट्याने कापते. अमेरिकी प्रमाणन नियमांनुसार १५ टक्के रेट्यापासून ९५ टक्क्यांपर्यंत जायला इंजिनाला ५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. जमिनीवरच्या आयडलचा रेटा मात्र त्या १५ टक्क्यांच्याही खाली असतो, म्हणजे त्याआधीचे रेंगाळणे या ५ सेकंदांत धरलेलेच नाही.

आता समजा, एक इंजिन त्या रेंगाळणाऱ्या, सपाट भागातून दुसऱ्याच्या दीड-दोन सेकंद आधी बाहेर पडले. खाली असताना हा फरक नगण्य वाटतो, पण पुढच्या उभ्या चढणीवर तेच दीड-दोन सेकंद म्हणजे एक इंजिन जवळजवळ पूर्ण रेट्यावर आणि दुसरे अजून जागे होत असलेले, अशी अवस्था असते. तुमच्या विमानात डावे इंजिन मागे राहिले असावे आणि उजव्याने नाक डावीकडे ढकलले असावे.

हे टाळण्याची रीत फार साधी आहे. बोइंग ७३७ वर आम्ही लिव्हर आधी एवढेच पुढे नेतो की पंख्याची गती, म्हणजे एन-वन, सुमारे ४० टक्क्यांवर येईल. एअरबस ए३२० वर हा आकडा ५० टक्के आहे. तिथे थांबायचे, दोन्ही काटे जुळून स्थिर झाले आहेत हे पाहायचे आणि मगच उड्डाणाचा रेटा मागायचा. सपाट भाग दोन्ही इंजिनांनी पार केला याची ती खात्री असते. हा थांबा प्रवाशाला कळतही नाही, कारण तो दोन-तीन सेकंदांचा असतो. घाईत सर्वांत आधी गळते तेही हेच.

शंकासूर
तिरपा वारा यांचे विवेचन उत्तम आहे, पण मला एक गोष्ट पटत नाही. हल्लीची इंजिने संगणकाने नियंत्रित असतात. इंधन किती द्यायचे, रोटर किती त्वरेने वाढू द्यायचा, सगळे संगणक ठरवतो. दोन संगणकांनी एकाच गणिताने दोन इंजिने चढवली तर फरक पडायचे कारणच काय? की हे जुन्या इंजिनांचे दुखणे आहे आणि नवीन वैमानिकांना सवयीने शिकवले जाते आहे?

पाना-पक्कड
मी देखभाल अभियंता आहे आणि आयुष्याचा बराचसा भाग इंजिनांच्या झडपा उघडण्यात गेला आहे, म्हणून शंकासूर यांच्या प्रश्नाचे उत्तर मीच द्यावे असे वाटते.

डिजिटल नियंत्रण आल्यापासून फरक पुष्कळ कमी झाला, हे खरे आहे. केबल आणि यांत्रिक इंधन-नियंत्रक असलेल्या काळात दोन्ही इंजिने समान रेट्यावर असताना लिव्हर एकमेकांच्या पुढेमागे उभे असणे ही रोजची गोष्ट होती, आणि त्या फरकाची मर्यादा ओलांडली की आम्हांला नियंत्रक जुळवावा लागे. पण संगणक आज्ञा देतो. ती पाळणारे लोखंड वेगळे असते. कॉम्प्रेसरच्या सुरुवातीच्या टप्प्यांमध्ये रोटरबरोबर न फिरणारी स्थिर पाती बसवलेली असतात, ज्यांचा कोन गतीनुसार बदलतो. ती हलवणारा ॲक्च्युएटर किंचित अडखळला, जादा हवा बाहेर सोडणारी झडप वेळेवर मिटली नाही, इंधन मोजणाऱ्या झडपेवर थर बसला, की इंजिन आज्ञेच्या मागे पडते. शिवाय एकाच विमानावरची दोन इंजिने क्वचितच एका वयाची असतात. एक नुकतेच दुरुस्त होऊन आलेले असते आणि दुसऱ्याच्या पात्यांची टोके हजारो तासांत झिजलेली असतात. एक दहा मिनिटे आधी सुरू झालेले असते, म्हणून ते जास्त तापलेले असते. मागून वारा असेल तर आयडलवरची अवस्था आणखी डळमळीत होते.

या सगळ्यांत लिव्हर हलवण्याच्या क्षणी दोघांची गती मुळातच वेगळी असणे, हे सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त वेळा आढळणारे कारण आहे. जमिनीवर विमान चालवताना, म्हणजे टॅक्सी करताना, वळणासाठी वैमानिक कधी एकाच इंजिनाला थोडा जोर देतो. ते इंजिन पुरते खाली यायच्या आत दोन्ही लिव्हर पुढे गेले, तर एकाची सुरुवातच पुढून झालेली असते. यात बिघाड काहीच नसतो. इंजिन उघडून पाहिले तर आम्हांला काही सापडत नाही, आणि मग "तपासले, दोष आढळला नाही" असे टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, लिहिताना वैमानिकांना ते वाक्य आवडत नाही, हा वेगळा विषय आहे.

आभाळवेडी
या विषयावर बोलताना गोव्याची घटना सोडून चालणार नाही. २७ डिसेंबर २०१६ रोजी पहाटे, अंधार असताना, दाबोळी विमानतळावरून जेट एअरवेजचे बोइंग ७३७-८०० मुंबईला निघत होते. उड्डाणाचा रेटा दिल्यावर जवळजवळ लगेच विमान उजवीकडे ओढ घेऊ लागले, धावपट्टी सोडून खडबडीत जमिनीवर उतरले आणि सुमारे ३०० मीटर तसेच धावून थांबले. त्यानंतर आपत्कालीन घसरगुंड्यांवरून सगळ्यांना उतरवण्यात आले. विमानात दीडशेहून जास्त प्रवासी होते आणि कोणाचाही जीव गेला नाही.

तपासात जे निघाले ते या धाग्याला तंतोतंत लागू पडते. दोन्ही इंजिने स्थिर झाल्याची खात्री न करताच कॅप्टननी रेटा उड्डाणाच्या पातळीवर नेला होता. आणि ओढ जाणवल्यावर त्यांनी उड्डाण सोडून न देता डावे रडर आणि डावा ब्रेक वापरून विमान मध्यरेषेवर आणण्याचा प्रयत्न केला. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिली चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. नाक वळू लागल्यावर हात लिव्हरकडे जातात की पाय पेडलवर, यावर पुढचे सगळे ठरते. खिडकीजवळचा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गोव्याच्या त्या ३०० मीटरमध्ये आहे.

शंकासूर
आभाळवेडी, तुमचा मुद्दा मान्य केला तरी माणसाच्या स्वभावाविषयी मला सहानुभूती वाटते. गाडी एका बाजूला ओढत असेल तर चालक आधी स्टिअरिंग फिरवतो, तो आधी इंजिन बंद करत नाही. वैमानिकाच्या पायाखाली रडर आहे, पुढच्या चाकाचे स्टिअरिंग आहे, ब्रेक आहेत. ही सगळी साधने असताना रेटा काढून घेणे हा पहिला उपाय का मानायचा?

तिरपा वारा
कारण त्या वेगात ही साधने तोकडी असतात.

रडर हा हवेवर चालतो. ७३७ वर तो साधारण ४० ते ६० नॉट्सच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) दरम्यान कुठेतरी कामाला लागतो. त्याआधी पेडल तळापर्यंत दाबले तरी शेपटीवरून जाणारी हवा नाक वळवण्याइतकी नसते. पेडलने पुढचे चाक वळते, पण ते फक्त सुमारे ७ अंश. मोठ्या वळणासाठी असलेले हातातले छोटे चाक उड्डाणाच्या धावेत वापरायचे नसते. एका बाजूचा ब्रेक दाबला तर विमान वळते खरे, पण त्याच वेळी आपण पूर्ण रेट्याशी ब्रेकने भांडत असतो आणि ओल्या धावपट्टीवर ते चाक घसरायला लागले की दिशेवरचा उरलासुरला ताबाही जातो.

जमिनीवरच्या किमान नियंत्रण-वेगाची संकल्पना इथे उपयोगी पडते. उड्डाणाच्या रेट्यावर असताना एक इंजिन अचानक गेले, तर केवळ रडरच्या जोरावर, पुढच्या चाकाच्या स्टिअरिंगची मदत न धरता, विमान मूळ रेषेपासून ३० फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे ९ मीटरपेक्षा, जास्त न भरकटता सांभाळता येईल असा हा सर्वांत कमी वेग. आमच्या विमानावर तो नव्वद ते शंभर नॉट्सच्या घरात येतो. त्याच्या खाली असमान रेटा उद्भवला आणि जोरातले इंजिन तसेच ठेवले, तर रडर पुरेल याची हमी कोणी दिलेली नाही. नाक वळवणारी शक्ती रेट्यातूनच येत असल्यामुळे लिव्हर मागे घेतले की ती तिथल्या तिथे संपते. पाय पेडलवर असतातच, पण हात आधी.

आणखी एक गंमत सांगतो. बोइंग ७७७ मध्ये असमान रेट्याची भरपाई आपोआप रडरने करणारी यंत्रणा आहे, पण जमिनीवर ती ७० नॉट्सच्या वरच काम करते. आपण ज्या टप्प्याबद्दल बोलतो आहोत, तिथे तिचाही उपयोग नाही. रडरला हवा लागते हे संगणकालाही चुकत नाही.

खिडकीजवळचा
सर्वांचे आभार. आता माझा वेगाविषयीचा प्रश्न अजून उरला आहे. कमी वेगात थांबवलेले उड्डाण निरुपद्रवी असते आणि खरा धोका जास्त वेगात असतो, असेच मी आजवर ऐकत आलो होतो.

तिरपा वारा
तुम्ही ऐकले ते थांबण्यापुरते खरे आहे. अमेरिकेत उड्डाण-सुरक्षेसाठी जे प्रशिक्षण साहित्य विमान उत्पादक आणि नियामकांनी मिळून तयार केले, त्यात साधारण ३,००० उड्डाणांमागे एक सोडून दिले जाते असे धरले आहे. त्यांपैकी सुमारे ७६ टक्के ८० नॉट्स किंवा त्याहून कमी वेगात सोडली जातात आणि १२० नॉट्सच्या वरची जेमतेम २ टक्के असतात. धावपट्टीच्या टोकापलीकडे जाण्याचे अपघात मात्र बहुतेक त्या थोड्याशा जलद प्रकरणांतले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक तर व्ही-वन, म्हणजे उड्डाण सोडण्याच्या निर्णयाची वेगमर्यादा, उलटून गेल्यावर घेतलेल्या निर्णयांचे. म्हणूनच ८० नॉट्सपर्यंत, एअरबसवर १०० पर्यंत, आम्ही लहानसहान इशाऱ्यालाही थांबतो आणि त्यानंतर फक्त मोजक्या कारणांसाठी.

कारण ऊर्जेत आहे. ७० टनांचे विमान ४० नॉट्सवर असताना ब्रेकना जेवढी ऊर्जा गिळावी लागते, तिच्या चौदापट १५० नॉट्सवर गिळावी लागते. तुम्हांला धक्का का बसला नाही, तेही यातच आले. ७३७ वर उड्डाण सोडल्यावर आपोआप पूर्ण ब्रेक लावणारी व्यवस्था ९० नॉट्सच्या खाली ब्रेक लावत नाही. तिथे कॅप्टन पायाने हवे तेवढेच ब्रेक लावतो.

पण हे झाले लांबीचे गणित. असमान रेट्यात प्रश्न रुंदीचा असतो, आणि रुंदी तुम्ही टोकापासून किती दूर आहात हे विचारत नाही. धावपट्टी साधारण ४५ मीटर रुंद धरा. मध्यरेषेपासून कडेपर्यंत साडेबावीस मीटर, त्यातून चाकांच्या अंतराचा अर्धा भाग वजा केला तर वीसेक मीटरही उरत नाहीत. विमान ६० नॉट्सवर आहे आणि नाक १० अंश वळले आहे असे समजा. ते बाजूला सेकंदाला पाच मीटरहून जास्त सरकेल. म्हणजे चार सेकंदांच्या आत चाक कडेवर. त्या चार सेकंदांत "हे काय होते आहे" हा विचार करण्यात दोन गेले, तर पुढे करण्यासारखे फार उरत नाही.

आभाळवेडी
ओढ असमान रेट्याचीच आहे हे तरी वैमानिकाला कसे कळावे? मला १९८९ चे लाग्वार्डियाचे प्रकरण आठवते. २० सप्टेंबरच्या रात्री यूएसएअरच्या ७३७-४०० ची धाव सुरू झाली आणि विमान डावीकडे जाऊ लागले. तिथे कारण इंजिन नव्हते. रडरचा ट्रिम, म्हणजे तो कायम एका बाजूला धरून ठेवणारी जुळणी, पूर्ण डावीकडे गेलेला होता आणि तो निघण्यापूर्वी कोणाच्या लक्षात आला नव्हता. योगायोगाने रेट्याचाही घोळ झालाच : सहवैमानिकाने स्वयंचलित रेटा सुरू करण्याचे बटण दाबण्याऐवजी तो बंद करणारे दाबले आणि मग लिव्हर हाताने पुढे नेले. कॅप्टननी ओढीशी झगडत धाव चालू ठेवली, उड्डाण सोडले ते व्ही-वनच्या वर, आणि विमान धावपट्टी संपून पाण्यात गेले. ६३ जणांपैकी दोघींचा मृत्यू झाला.

तिरपा वारा
आभाळवेडी, हे उदाहरण तुम्ही नेमके काढले. ओढीचे कारण ट्रिम, इंजिन, अडकलेला ब्रेक किंवा बाजूचा वारा यांपैकी काहीही असू शकते, आणि ते ओळखायला वेळ लागतो. कमी वेगात ते ओळखण्याची गरजच नसते. विमान सरळ जात नाही एवढी माहिती थांबण्यासाठी पुरेशी आहे. कारण काय ते उभे राहून शोधता येते. लाग्वार्डियाला ओढ सुरुवातीलाच जाणवली होती. तेव्हा थांबले असते तर ती एक कंटाळवाणी रात्र ठरली असती.

एक गोष्ट मात्र जोडतो : लिव्हर मागे घेताना दोन्ही घ्यायचे आणि दोन्ही खरोखर आयडलवर आले हे पाहायचे. थांबतानाही रेटा असमान होऊ शकतो. ९ जुलै २००६ रोजी इर्कुत्स्कला उतरलेल्या ए३१० च्या डाव्या इंजिनाचा रिव्हर्सर (रेटा उलटा वळवून विमान थांबवायला मदत करणारी योजना) बंद करून ठेवलेला होता. कॅप्टन उजवा रिव्हर्सर हाताळत असताना डावा लिव्हर नकळत पुढे गेला. विमान थांबेना, १२५ माणसे गेली. ते उतरणे होते, उड्डाण नव्हे, पण हातांची चूक त्याच जातीची आहे.

पाना-पक्कड
माझ्या बाजूने मी मँचेस्टरचे प्रकरण सांगतो, कारण रेंगाळणाऱ्या इंजिनाकडे आम्ही कसे पाहावे हे मला त्यानेच शिकवले. २२ ऑगस्ट १९८५ ला ब्रिटिश एअरटूर्सच्या ७३७-२०० चे डावे इंजिन धावेदरम्यान फुटले. मोठा धप्प आवाज आल्यावर वैमानिकांना टायर फुटला असावा असे वाटले, त्यांनी तत्परतेने उड्डाण सोडले आणि टायरचा विचार करून ब्रेक जपून लावले. प्रत्यक्षात दहनकक्षाचा तुकडा पंखातील इंधनटाकीत घुसला होता. विमान व्यवस्थित थांबले, पण आगीने आणि त्याहून जास्त धुराने १३७ पैकी ५५ जणांचा बळी घेतला.

त्याच इंजिनाबद्दल आदल्या दिवशीच टेक लॉगमध्ये तक्रार होती : लिव्हर पुढे नेल्यावर ते सावकाश चढते. अभियंत्यांनी नियंत्रक जुळवला, चाचणीत फरक सुधारलेला दिसला आणि विमान सेवेत गेले. त्यांनी नेमून दिलेले काम केले होते. दहनकक्षाला तडा गेला की आतला प्रवाह बिघडतो आणि इंजिन चढायला वेळ घेते, हा संबंध त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नव्हता. म्हणून माझ्या हाताखालच्या मुलांना मी सांगतो की दहा वेळा हा फरक निरर्थक असेल, पण जुळवून टाकण्यापूर्वी बोअरस्कोप, म्हणजे आतले पाहण्याची बारीक दुर्बीण, आत घालून पाहा. नियंत्रक फिरवून काटे जुळवले की लक्षण नाहीसे होते आणि आजार तसाच राहतो.

अंकगणिती
चर्चा वाचून मी सहज आकडेमोड केली, ती इथे ठेवतो. ७३७-८०० चे इंजिन मध्यरेषेपासून सुमारे ४.८ मीटरवर असते. दोन इंजिनांच्या रेट्यात ५० किलोन्यूटनचा फरक आहे असे धरले, जो एका इंजिनाच्या पूर्ण रेट्याच्या निम्म्याहून कमीच आहे, तर नाक वळवणारा पिळ २४० किलोन्यूटन-मीटर होतो. पुढचे चाक मागच्या चाकांपासून १५.६ मीटरवर आहे, म्हणजे त्याने बाजूला सुमारे दीड टनाचा जोर लावला पाहिजे. ७० टनांच्या विमानाचा ८ टक्के भार नाकावर धरला तर तो ५.६ टन होतो. भाराच्या २८ टक्के जोर कोरड्या धावपट्टीवर टायरला सहज जमावा. मग तिरपा वारा जरा अधिकच घाबरवत नाहीत ना?

पाना-पक्कड
अंकगणिती, हिशेब नेटका आहे, पण त्यात एक भार तुम्ही स्थिर धरला आहे, जो स्थिर नसतो. इंजिने पंखाखाली, विमानाच्या गुरुत्वमध्याच्या खाली टांगलेली असतात. रेटा वाढला की तो नाक वर उचलू पाहतो. दोन्ही मिळून १७० किलोन्यूटन आणि गुरुत्वमध्यापासून सव्वा मीटर खाली असे ढोबळ धरा. नाकावरचा भार सुमारे १.४ टनाने कमी होतो. उरले ४.२ टन, आणि हवा असलेला जोर त्याच्या सुमारे ३७ टक्के. ओल्या धावपट्टीवर हा आकडा सुखाचा नाही. फरक ५० ऐवजी ७० किलोन्यूटन झाला तर हवा असलेला जोर नाकावरच्या भाराच्या निम्म्याहून वर जातो. बाजूचा वारा असताना धावेच्या सुरुवातीला वैमानिक नियंत्रण-दांडा पुढे दाबून धरतात, ते नाकाचे चाक जमिनीला चिकटून राहावे म्हणूनच.

अंकगणिती
मान्य. ज्या क्षणी पुढच्या चाकाची सर्वांत जास्त गरज असते, नेमके त्याच क्षणी रेटा ते चाक हलके करत असतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. खिडकीजवळचा यांनी पाऊस नुकताच थांबल्याचे पहिल्याच प्रतिसादात लिहिले होते, तेही मी सोडून दिले होते.

शंकासूर
माझा गाडीच्या स्टिअरिंगचा दृष्टान्त मी मागे घेतो. मात्र एक सुचवावेसे वाटते : ४० टक्क्यांवर थांबायचेच असेल तर ब्रेक दाबून धरून थांबावे, म्हणजे विमान जागचे हलणार नाही आणि फरक दिसला तर काहीच बिघडणार नाही.

तिरपा वारा
तसे करता येते आणि आखूड धावपट्टीवर करतातही, पण नेहमीसाठी हालचालीतच रेटा देणे पसंत केले जाते. उभ्या विमानाची इंजिने जमिनीवरचे दगडगोटे ओढून घेतात, आणि बाजूच्या किंवा मागच्या वाऱ्यात उभ्याने जास्त रेटा दिला तर कॉम्प्रेसर बिथरण्याची भीती असते. ए३२० वर तर जोराच्या बाजूच्या वाऱ्यात ५० टक्क्यांवर स्थिर झाल्यावर ७० पर्यंत, आणि पुढे वेग ४० नॉट्स होईपर्यंत हळूहळू पूर्ण रेटा द्यायचा असतो. ४० किंवा ५० टक्क्यांवर विमान रांगते एवढेच. तिथे काटे जुळले नाहीत तर लिव्हर मागे घ्यायला आणि पुन्हा पाहायला भरपूर जागा असते.

खिडकीजवळचा
शेवटचा प्रश्न. इतक्या कमी वेगात थांबलो, ब्रेकही तापले नसणार, तर त्याच विमानाने लगेच दुसरा प्रयत्न का केला नाही? बरेच प्रवासी यावरूनच चिडले होते.

पाना-पक्कड
ब्रेकच्या दृष्टीने कदाचित निघता आले असते. पण कॅप्टनला त्या क्षणी एवढेच माहीत असते की डावे मागे राहिले. घाईने लिव्हर ढकलल्यामुळे राहिले की पात्यांचा ॲक्च्युएटर अडखळल्यामुळे, हे खुर्चीत बसून कळत नाही. त्यासाठी आम्ही नोंदलेली माहिती उतरवून घेतो आणि दोन्ही लिव्हर कोणत्या सेकंदाला हलले, त्या वेळी दोघांची गती किती होती आणि कोणत्या टप्प्यावर अंतर पडले ते पाहतो. गरज पडली तर मोकळ्या जागी नेऊन इंजिन आयडलपासून वर चढवून वेळ मोजतो. एवढे व्हायला दोन तास पुरत नाहीत, म्हणून तुम्हांला दुसरे विमान दिले. सुरुवातीची गतीच वेगळी निघाली असेल तर ते विमान त्याच संध्याकाळी उडाले असेल. तशी निघाली नसेल तर डाव्या इंजिनाची झाकणे अजून उघडी असतील.